नोकरी सांभाळून बास वाजवणाऱ्या मुलीच्या आईला

ताई, स. न. वि. वि.

नाशिकहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी पंचवीस वर्षांची, हिंजवडीत एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमीत तिच्या हातात बास गिटार, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार आली, ती आजतागायत सुटलेली नाही. आता ती दोन बँडमध्ये वाजवते. एक बँड लग्नांत आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांत जुनी हिंदी-मराठी गाणी करतो, दुसरा बारमध्ये स्वतःची गाणी वाजवतो. महिन्यातले बहुतेक शनिवार बाहेर, घरी पोचायला रात्रीचे दोन. त्यात पहिल्या बँडचा प्रमुख म्हणतोय, नोकरी सोड आणि पूर्णवेळ ये. तुम्ही विचारताय, ‘एक तर याचं करिअर करावं, नाही तर बंद करावं, असं अधांतरी किती दिवस?’ आणि पत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘गाणारी असती तर समजलं असतं. हिचं वाजवणं तर कुणाला ऐकूही येत नाही.’

माझं उत्तर आधी सांगते. नोकरी आज सोडू नये आणि बासही बंद करू नये. तुम्हाला जे अधांतरी वाटतंय, ती तिची आजची सर्वांत भक्कम जागा आहे.

पण तुमच्या त्या शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलू. तिच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर बघत असणार. साध्या बासला चार तारा असतात आणि त्यातली सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा स्वर मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून नीट बाहेरच पडत नाही. गायिका ऐकू येते, कीबोर्ड ऐकू येतो, तुमची लेक नुसती दिसते. सभागृहात तसं होत नाही. ड्रमच्या मोठ्या ढोलाचा ठोका आणि बासचा स्वर एकाच क्षणी पडला की लोकांचे पाय हलायला लागतात, आणि गायिकेला आपला सूर कशावर टेकवायचा ते त्या खालच्या स्वरावरून कळतं. बास चुकली तर काय चुकलं हे श्रोत्यांना सांगता येत नाही, पण गाणं बिनसलंय हे सगळ्यांना जाणवतं. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास बाजारात आणली ती अशाच कार्यक्रम करत फिरणाऱ्या वादकांची अडचण ओळखून. तोवरची उभी बास माणसाएवढी उंच, न्यायला-आणायला त्रासाची, आणि मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये दबून जाणारी.

आपल्याकडे या वादकाला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे पट्टी, गायकाचा सा कुठल्या स्वरावर ते. बासच्या चार मोकळ्या तारा हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच या स्वरांवर लागतात. आपले गायक मागतात काळी एक, काळी दोन, काळी चार, काळी पाच. म्हणजे त्यांचा सा मोकळ्या तारेवर मिळत नाही, तो बोटाने दाबूनच काढायचा. काळी दोनचा खालचा सा तर चार तारांच्या बासवर मिळतच नाही. सर्वांत जाड तारेच्याही अर्धा स्वर खाली तो राहतो. म्हणून हिंदी-मराठी गाणी करणारे पुष्कळ बासवादक पाच तारांचं वाद्य घेतात. लग्नात मध्येच नवऱ्या मुलाचे काका माइक हातात घेतात आणि मनाला येईल त्या पट्टीत सुरू करतात. पहिली ओळ संपायच्या आत त्यांचा सा शोधून त्याच्याखाली उभं राहायचं काम तुमच्या मुलीचं. हे कौशल्य आहे ताई, आणि ते तिने आठवडाभर ऑफिस करून मिळवलंय.

तो आठवडाही डोळ्यांसमोर आणा. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता कानात येत्या कार्यक्रमाची गाणी. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी जॅमरूम, म्हणजे बँडच्या तालमीची खोली, तीही तासावर भाड्याने. तिथे अर्धा वेळ ‘दुसऱ्या कडव्यानंतर किती आवर्तनं थांबायचं’ हे ठरवण्यात जातो. शुक्रवारी रात्री बॅग भरायची: जादा केबल, ट्यूनर, डीआय बॉक्स (गिटार साऊंड सिस्टिमला जोडायची डबी), पेडलच्या बॅटऱ्या, पट्टीसकट लिहिलेली गाण्यांची यादी. शनिवारी दुपारी चारला पोचायचं, कारण साऊंड चेकमध्ये आधी ड्रम लागतात, मग बास, आणि त्या दोघांवर बाकीच्यांचा आवाज बसवतात. मग रात्री नऊपर्यंत नुसतं बसून राहायचं. वाजवणं दीड-दोन तासांचं. नंतर केबल गुंडाळायच्या, टेम्पोत सामान चढवायचं, उरलेल्या पैशांसाठी यजमानाला गाठायचं. घरी यायला दोन का वाजतात ते यावरून लक्षात येईल. त्यात मौज करण्याचा वेळ थोडा असतो, कामाचा फार.

आता पैशांचं बोलू. उदाहरणासाठी आकडे धरते. चौघांच्या बँडला बारमध्ये एका रात्रीचे १५ हजार मिळाले, तर वाट्याला ३,७५० येतात. त्यासाठी तीन-तीन तासांच्या तीन तालमी झाल्या आणि जॅमरूमचं भाडं तासाला ५०० असेल, तर माणशी ११२५ गेले. कॅबचे ६०० धरले तर हातात राहिले २,०२५. तालमीचे नऊ तास आणि त्या दिवसाचे आठ, असे सतरा तास धरले तर तासाला १२० रुपयेसुद्धा पडत नाहीत. घरचा रियाज यात धरलेलाच नाही. लग्नांत पैसा बरा असतो, पण तो मुहूर्तांवर चालतो. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नं थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत. मधल्या काळात गणपतीतले सोसायट्यांचे कार्यक्रम आणि दिवाळी पहाट एवढ्यावर भागवावं लागतं, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बासवादक बोलावतच नाहीत. पाचव्या माणसाचं मानधन वाचवायचं म्हटलं की कीबोर्डवाल्याचा डावा हात बास वाजवतो, किंवा आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक सोडतात. पूर्णवेळ होण्याआधी तुमच्या मुलीने या गोष्टीचा सर्वांत गंभीरपणे विचार करावा. ऑर्केस्ट्रात गायक, ढोलक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड हे लागतातच. बासशिवाय मात्र कार्यक्रम उरकता येतो, वाईट का होईना. स्टुडिओतही तेच झालंय, बासच्या पुष्कळशा ओळी आता संगणकावर तयार होतात.

मग यात पोट भरणारी माणसं नाहीतच का? आहेत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवत. ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवणारी मोहिनी डे मुंबईची, आणि जगभरचे बासवादक तिला ओळखतात. पण ती लहानपणापासून, बासवादक वडिलांच्या हाताखाली तयार झाली. पंचविसाव्या वर्षी नोकरी सोडून तिथे पोचायची वाट धरणं यात मला शहाणपण दिसत नाही, आणि हे तुमच्या मुलीला मी तोंडावर सांगेन. आज जे लोक यावर घर चालवतात, ते चार-पाच ठिकाणांहून कमावतात: शिकवण्या, इतरांच्या बँडमध्ये बदली वादक म्हणून जाणं, थोडं रेकॉर्डिंग, हंगामात लग्नं. शिकवायचं असेल तर ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या संस्थांच्या बासच्या परीक्षा आहेत, आठव्या ग्रेडपर्यंत. नोकरी करता करता त्या देता येतात, आणि मुलांसाठी शिक्षक शोधणाऱ्या पालकांपुढे त्यांचा उपयोग होतो.

पूर्णवेळ जायचं की नाही हे बँडप्रमुखाच्या आग्रहावर ठरवू नका. तिला तिच्या दोन बँडबाहेरची माणसं किती वेळा बोलावतात, ते बघा. कुणाचा बासवादक आजारी पडला आणि आदल्या रात्री हिला फोन आला, असं वरचेवर होऊ लागलं, तर बाजारात तिला मागणी आहे. नुसत्या आपल्या बँडचं कौतुक पुरेसं नाही. बँड मोडतात, कुणी परदेशी जातं, कुणाचं लग्न होतं. एक पूर्ण वर्ष, चातुर्मासासकट, तिने जमाखर्च लिहावा. त्या वहीत संगीताची निव्वळ कमाई घरभाड्याइतकी दिसली आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत असला, तर मला पुन्हा लिहा. माझं उत्तर तेव्हा वेगळं असू शकेल.

तोवर ती हौशी वादक राहील, आणि त्यात कमीपणा काय आहे? आपल्या राज्यात हौशी नाटकाची स्पर्धा सरकार भरवतं. बँकेत, पोस्टात, शाळेत नोकरी करून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या माणसांनी मराठी रंगभूमी पिढ्यान् पिढ्या जोपासली आहे. नाशिकमध्ये तुमच्या ओळखीतही अशी माणसं असतील, आणि ‘नाटक तरी कर नाही तर नोकरी तरी कर’ असं त्यांना कुणी म्हणत नाही. तुमच्या मुलीला तीच मोकळीक हवी. पगार आहे म्हणून ती पैसे बुडवणाऱ्या आयोजकाला नाही म्हणू शकते. पगार आहे म्हणूनच दुसरा बँड, जो स्वतःची गाणी करतो आणि जवळजवळ काही कमवत नाही, तो टिकून आहे. पूर्णवेळ झाली तर सर्वांत आधी तोच सुटेल असं मला वाटतं, आणि तुमच्या पत्रावरून तिचा जीव त्याच बँडमध्ये आहे.

रात्रीच्या काळजीत मी तुमच्याबरोबर आहे. उघड्यावरचे कार्यक्रम ध्वनिप्रदूषणाच्या नियमामुळे एरवी रात्री दहाला थांबवावे लागतात, त्यामुळे लॉनवरची लग्नं त्या मानाने सोपी. बंद जागेतले बार उशिरापर्यंत चालतात. तेव्हा दोन गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्यात: परतीचं वाहन मानधनातच धरलेलं, आणि बँडमधला एक जण तिला दारापर्यंत सोडेल हा नियम. पाठीवर चार किलोची गिटार घेऊन मध्यरात्री एकटीने स्कूटरवर येणं बंद. हे मागताना तिने संकोचू नये.

काळजी करायचीच तर तिच्या कानांची जास्त करा. बासवादक ड्रमच्या झांजांशेजारी उभी असते. ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहणं ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. छोट्या जॅमरूममध्ये आवाज तिथवर सहज जातो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. संगीतकारांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात, ते आवाज सगळीकडून सारखा कमी करतात, सूर गढूळ होत नाही. येत्या वाढदिवसाला तेच द्या. आणि या महिन्यात एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी करून घ्या, म्हणजे आजची स्थिती कागदावर राहील.

नातेवाईक स्थळांसंदर्भात विचारतात म्हणून बास लपवावी का, असंही तुम्ही विचारलंय. लपवू नका. शनिवारी मुलगी घरी नसेल हे पहिल्याच भेटीत सांगा. ज्या घराला ते चालणार नाही, ते लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणि एकदा स्वतः कार्यक्रमाला जा. मोबाइल बाजूला ठेवून, भिंतीला न टेकता सभागृहाच्या मध्यावर बसा; कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात आणि खरा आवाज कळत नाही.

एक काम मात्र लगेच करायचं आहे. बऱ्याच आयटी कंपन्यांच्या नेमणूकपत्रात, परवानगीशिवाय दुसरीकडे मोबदला घेऊन काम करू नये, असं कलम असतं. तिच्या पत्रात ते आहे का बघा. असेल तर शनिवार-रविवारच्या संगीताच्या कार्यक्रमांसाठी एचआरकडून लेखी परवानगी घ्यायला सांगा, आणि ते मानधन आयकर विवरणपत्रात दाखवायला सांगा, रक्कम कितीही लहान असो. कलमाचा नेमका मजकूर मला पाठवलात तर अर्जात काय लिहायचं ते मी सुचवते.