पोट्ट्याच्या डोक्यात गणितच नाही जी!

दारव्ह्याकडच्या एका गावातले बाप-लेक आले होते, पोरगा दहावीत (ओळख कळू नये म्हणून थोडं बदलून सांगतेय). "मॅडम, रात्री अकरा वाजेपर्यंत लिहत बसते, ट्यूशनही लावली, पण माह्या पोट्ट्याच्या डोक्यात गणितच नाही जी." हेच वाक्य दर सीझनला दहा तोंडून ऐकते मी, प्रीलिम झाली की सुरू.

वही पाहिली. अक्षर मोत्यासारखं, एकेक उदाहरण गाईडमधून तीन-तीनदा उतरवलेलं. पेपरात मात्र 40 पैकी 11, आणि शाब्दिक उदाहरणांची जागा कोरी. सोडवलेलं पाठ केलं होतं ना सगळं, स्वतः सोडवलं काहीच नव्हतं.

मग मी एक उदाहरण तोंडी घातलं, भाव सोपे धरून. कापूस नि सोयाबीन मिळून 20 क्विंटल विकलं, कापूस 7000 नं, सोयाबीन 4000 नं, हातात आले 1,01,000, तर कापूस किती? त्यानं लगेच पेन उचललं, "मॅडम, सूत्र कोणतं?" मी पेन काढूनच घेतलं. म्हटलं, आधी विचारलंय काय ते तुझ्या भाषेत सांग. दोन मिनिटं गप्प. बाप मधे बोलायला लागले तर त्यांनाही थांबवलं (हे जास्त अवघड होतं).

मग हळूच म्हणाला, सगळं सोयाबीनच असतं तर 80,000 झाले असते, म्हणजे 21,000 जास्तीचे आले, कापसाचे क्विंटलमागे 3000 जास्त, म्हणजे 7... सोयाबीन 7, कापूस 13! म्हटलं बरं, आता पैसे मोजून दाखव. 91,000 आणि 28,000, झाले 1,19,000. बाप हसले, "एवढे कोन देते बे!" पोरानं स्वतःच उलटवलं, कापूस 7, सोयाबीन 13, आणि बरोब्बर 1,01,000. एक्स-वाय त्यानंतर मांडले, तेव्हा ते कुठून येतात हे त्याला दिसत होतं.

जॉर्ज पोल्या नावाच्या गणितज्ञानं 1945 मधेच हे चार टप्प्यांत सांगून ठेवलंय, प्रश्न समजून घे, युक्ती ठरव, सोडव, मागे वळून तपास. आपल्याकडे तिसराच तेवढा शिकवतात असं माझं मत, पहिल्याला कोणाला वेळच नाही.

घरी एवढंच सांगितलं, रोज दहा नको, एकच उदाहरण, गाईड बंद, वीस मिनिटं अडकला तरी चालेल, आणि बापानं फक्त "काय इचारलं हाय?" एवढंच विचारायचं. (आकडेच उलटेसुलटे दिसत असतील, साधी वजाबाकीही बसत नसेल तर मात्र शिकण्यातल्या अडचणीची तपासणी करून घ्या, ती गोष्ट वेगळी.)

पुढच्या सराव पेपरात 19 आले, फार काही चमत्कार नाही. पण परवा बापाचा फोन, "मॅडम, त्याले इचारलं ट्रॅक्टरले डिझेल किती लागन, तं म्हंते बाबा, आधी वावर किती एकर नांगराचं हाय थे सांगा."