चर्चमध्ये आत काय काय असतं, आणि लग्नाला जाताना काय सांभाळायचं?

मैत्रिणीचं लग्न वसईच्या चर्चमध्ये आहे, आजवर आत पाऊल टाकलेलं नाही, कुठे काय असतं ते सांगा, असं तुम्ही विचारलंय. मी वसईचाच, कॅथलिक. सांगतो.

चपला-बूट काढायची गरज नसते. दाराशी भिंतीला पाण्याची छोटी वाटी दिसेल. त्यातल्या आशीर्वादित पाण्यात बोटं बुडवून आम्ही क्रुसाची खूण करतो. तुम्ही नाही केली तर कोणी काही म्हणणार नाही.

आत शिरलं की नजर जाते ती वेदीमागच्या, म्हणजे समोरच्या टोकाला फादर जिथे विधी करतात त्या चौथऱ्यामागच्या, कोरीवकामाकडे आणि मूर्तींकडे. फोटोही त्यांचेच निघतात. पण चर्चमधली सर्वांत मोलाची जागा ती नव्हे. वेदीमागे किंवा बाजूला एक लहान कुलूपबंद पेटी असते आणि तिच्याजवळ, बहुधा लाल काचेत, आपल्या नंदादीपासारखा अहोरात्र तेवणारा दिवा. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, अर्पण केलेली भाकर त्या पेटीत ठेवतात. ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर, अशी आमची श्रद्धा. म्हणून बाकात शिरण्याआधी माणसं वाटेतच एक गुडघा टेकतात, ते मूर्तींपुढे नाही, त्या पेटीपुढे. गुड फ्रायडेला गेलात तर पेटी रिकामी, दार सताड उघडं आणि दिवा विझलेला दिसेल.

जुन्या चर्चमध्ये वेद्या दोन दिसल्या तर गोंधळू नका. पूर्वी फादर भिंतीलगतच्या वेदीकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून, लॅटिनमध्ये मिस्सा करायचे. 1962 ते 1965 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर, मिस्सा मराठीत आला, आणि पुढे टेबलासारखी दुसरी वेदी मांडली गेली. तिच्यामागे फादर लोकांकडे तोंड करून उभे राहतात. काही ठिकाणी भिंतीत उंचावर लाकडी व्यासपीठही शिल्लक आहे. माइक नव्हता तेव्हा प्रवचन तिथून व्हायचं. आता तिथे कोणी चढत नाही, पण पाडलं नाही हे बरंच केलं.

दोन्ही भिंतींवर ओळीने चौदा चित्रं असतात, ती क्रुसाची वाट. येशूला मृत्युदंड सुनावल्यापासून कबरीत ठेवेपर्यंतचे प्रसंग. ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रत्येकापुढे थांबून प्रार्थना होते. कडेला लाकडी जाळीची छोटी खोली दिसेल, तिथे पापांची कबुली देतात. बाप्तिस्म्याचं कुंड कुठे दाराजवळ असतं, कुठे वेदीजवळ. मूर्तींमध्ये फ्रान्सिस्कन संन्याशांच्या झग्यातला, हातात क्रूस घेतलेला तरुण दिसला तर तो बहुधा आमचा गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मला, 1597 मध्ये नागासाकीत क्रुसावर मारला गेला, 1862 मध्ये संत घोषित झाला.

आता सांभाळायचं काय? बाकाच्या खालची आडवी फळी गुडघे टेकायला असते, तिच्यावर पाय ठेवू नका. पुढच्या रांगा घरच्यांसाठी सोडा आणि मधल्या वाटेच्या कडेला बसा, नवरा-नवरी नीट दिसतात. लोक उठले की उठा, बसले की बसा. गुडघे टेकले तर तुम्ही बसून राहिलात तरी चालतं. एकच गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: मिस्साच्या उत्तरार्धात सगळे रांगेने पुढे जाऊन भाकर घेतात, तेव्हा त्या रांगेत उभे राहू नका. तो प्रसाद नाही. जागेवर बसून राहिलात तर त्यात कोणालाही काही वावगं वाटत नाही.