अभ्यास करताना मागे संगीत लावलं तर लक्ष जास्त लागतं का? कोणतं लावावं?

पाठांतर करायचं असेल किंवा नवा धडा पहिल्यांदा वाचायचा असेल, तर काहीच लावू नका. शब्द असलेली गाणी तर मुळीच नकोत. "मला गाण्याशिवाय अभ्यासच होत नाही" हे ऐकून कान किटले आहेत, आणि दरवेळी पुरावा म्हणून मोझार्ट या पाश्चात्य संगीतकाराचं संगीत ऐकून बुद्धी वाढते असं सांगत एक प्रयोग पुढे केला जातो. तेव्हा आधी त्याचाच निकाल लावतो.

1993 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या त्या प्रयोगात कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा दहा मिनिटं ऐकवला होता. कोडी दिली ती त्यानंतर: घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा धर्तीची. फायदा दिसला तो आकृत्यांच्या कामात, आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. पाठांतराचा त्यात प्रश्नच नव्हता. पुढच्या प्रयोगांवरून एवढंच दिसतं की उत्साही संगीताने तरतरी येते आणि काही वेळ डोकं बरं चालतं. म्हणजे ऐकायचंच तर बसण्याआधी दहा मिनिटं आवडतं गाणं ऐका, आणि बंद करून पुस्तक उघडा.

अभ्यासात गाणं नडतं कुठे? क्रम लक्षात ठेवताना आपण शब्द मनात घोळवत असतो. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम इथपर्यंत गाडी नीट येते. मागे कोणी गात असेल तर पुढे बोरॉन की कार्बन, इथे घसरते. नावं आठवतात, क्रम सुटतो. "परक्या भाषेतली गाणी चालतात, अर्थ कळत नाही ना" हेही खरं नाही. 1976 च्या एका प्रयोगात न कळणाऱ्या जर्मन भाषेतलं वाचन मागे चालू असताना अक्षरांचा क्रम आठवण्यात जास्त चुका झाल्या. त्रास अर्थाइतकाच सतत बदलणाऱ्या आवाजाचाही असतो. म्हणून तानपुऱ्याचा एकसुरी नाद परवडतो, तबल्याची जुगलबंदी नाही.

मग संगीत कधी चालेल? वही नीट उतरवणं, आकृत्या रंगवणं, पद्धत पक्की झालेली गणितं पुन्हा पुन्हा सोडवणं, अशा कंटाळवाण्या कामांना. पन्नास मिनिटांची एकच यादी करून डाउनलोड करून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच जाहिरात येते किंवा पुढचं गाणं निवडायला हात जातो आणि पाच मिनिटं गेलीच. ऑटोप्ले बंद ठेवा, सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सेटिंग चालू करा. मैफलींची रेकॉर्डिंग टाळा, टाळ्यांनी दचकायला होतं. इअरफोनपेक्षा पाठीमागे दोन-तीन मीटरवर छोटा स्पीकर बरा. आवाज इतकाच की पान उलटल्याचं ऐकू यावं. यादी संपली की उठायचं, म्हणजे घड्याळ बघावं लागत नाही.

पटत नसेल तर घरी तपासा. सारख्याच अवघड वाटणाऱ्या उताऱ्यांच्या चार जोड्या घ्या. जोडीतला एक उतारा वीस मिनिटं संगीतात, दुसरा शांततेत. दोन जोड्यांत संगीत आधी, दोन जोड्यांत नंतर. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून प्रत्येक उताऱ्यावरचे दहा प्रश्न सोडवा. प्रश्न दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या. "छान अभ्यास झाला" या भावनेला गुण देऊ नका. संगीताने वेळ सुखाचा जातो, म्हणून अभ्यास झाल्यासारखा वाटतो. घरातल्यांशी यावरून जी कायमची हुज्जत चालते, ती या आकड्यांवर मिटवा.

आता अपवाद. शेजारच्या खोलीत गप्पा किंवा टीव्ही चालू असेल, तर शांतता मुळात नसतेच. तिथे पंखा, पावसाचा एकसारखा आवाज किंवा व्हाइट नॉइज (एकसारखी खरखर) लावून बोलणं झाकलेलं बरं. एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं आणि अतिचंचलता) असलेल्या मुलांपैकी काहींना व्हाइट नॉइजचा फायदा दिसला आहे, त्यांनी माझं ऐकून तो बंद करू नये. आणि परीक्षेच्या खोलीत संगीत नसतं, त्यामुळे शेवटचे तीन आठवडे सराव प्रश्नपत्रिका तरी पूर्ण शांततेत, घड्याळ लावून सोडवा.