चालत्या बोर्डवर ट्यूनिंग: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: सिम्युलिंकमध्ये (ब्लॉक जोडून कंट्रोल मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘मॉनिटर अँड ट्यून’ दाबलं की मॉडेल मायक्रोकंट्रोलर बोर्डवर चालू होतं आणि पीसीवरून बघता-बदलता येतं, पण दर वेळी दहा सेकंदांनी आपोआप थांबतं. बोर्ड रीसेट होतोय का?

नाही. नव्या मॉडेलचा स्टॉप टाइम १० सेकंद असतो आणि लाइव्ह जोडणीत तो पाळला जातो. मॉडेल सेटिंगच्या खिडकीत तिथे ‘इन्फ’ (अमर्याद) लिहा. त्याच खिडकीत सॉल्व्हर फिक्स्ड-स्टेप (ठरावीक वेळाच्या पायऱ्यांनी चालणारा) आहे ना, तेही बघून घ्या.

प्रश्न: जोडणी होते, स्कोपही (सिग्नलचा आलेखही) हलतो. गेन (सिग्नलला गुणणारा आकडा) बदलला तर मात्र काहीच फरक पडत नाही आणि एररही येत नाही.

आधी ‘डिफॉल्ट पॅरामीटर बिहेवियर’ ही सेटिंग बघा. ती ‘इनलाइन्ड’ असेल तर तुमचा २.५ हा गेन कोडमध्ये थेट आकडा म्हणून बसतो. रॅममध्ये त्याला जागाच नसते, मग बदलणार काय? ‘ट्यूनेबल’ करून पुन्हा बिल्ड करा. मॉडेल मोठं आणि रॅम कमी असेल तर सगळंच ट्यूनेबल करू नका. जे चार-पाच आकडे खरोखर फिरवायचे आहेत तेवढेच पॅरामीटर ऑब्जेक्ट करून त्यांना स्टोरेज क्लास (कोडमध्ये ते कसे साठवायचे ती सेटिंग) द्या.

ही सेटिंग बरोबर असेल तर दुसरं कारण बहुधा असं असतं: गेन ब्लॉकमध्ये आकडा नसून व्हेरिएबलचं नाव आहे आणि तुम्ही त्याची किंमत मॅटलॅबच्या वर्कस्पेसमध्ये बदललीत. तो बदल आपणहून बोर्डवर जात नाही. कंट्रोल आणि डी दाबून मॉडेल अपडेट केलं की जातो. सॅम्पल टाइम, व्हेक्टरची लांबी, फिल्टरची ऑर्डर या गोष्टी मात्र चालू असताना बदलता येत नाहीत, कारण त्यांनी कोडचा सांगाडाच बदलतो.

प्रश्न: कंट्रोल लूप १ मिलिसेकंदाचा आहे, सीरियल जोडणी ११५२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट). सहा सिग्नल बघतो, पण स्कोपवर आलेख तुकड्यातुकड्यांनी येतो. बॉड रेट चुकला आहे का?

बॉड चुकला असता तर जोडणीच झाली नसती. इथे तारेच्या आवाक्यापेक्षा माल जास्त आहे. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे ही तार सेकंदाला फार तर ११५२० बाइट वाहते. सहा सिग्नल डबलमध्ये (प्रत्येकी ८ बाइट) असतील तर एका पायरीला ४८ बाइट, सेकंदाला ४८००० बाइट. क्षमतेच्या चौपटीहून जास्त, आणि प्रोटोकॉलची स्वतःची भर यात धरलेलीच नाही. सिंगल (प्रत्येकी ४ बाइट) केलंत तरी २४००० होतात.

बरेच जण इथे सरळ सगळे सिग्नल रेट ट्रान्झिशन या वेग बदलणाऱ्या ब्लॉकमधून १० मिलिसेकंदांवर आणतात. सिंगलमध्ये हिशेब २४०० बाइटवर येतो, आलेख सलग दिसतो. तापमान किंवा टाकीची पातळी बघायची तर हे उत्तम. मोटरची थरथर शोधत असाल तर असं मुळीच करू नका. १० मिलिसेकंदांनी घेतलेले नमुने ५० हर्ट्‌झच्या खालचंच खरं दाखवतात. ९० हर्ट्‌झची थरथर स्कोपवर १० हर्ट्‌झची संथ लाट होऊन येते, आणि माणूस नसलेल्या लाटेचा गेन कमी करत बसतो. अशा वेळी वेग तोच ठेवा, सिग्नल कमी करा. सिंगलमधले दोन सिग्नल १ मिलिसेकंदाला ८००० बाइट होतात, तेवढं या तारेत मावतं.

आणखी एक तपासा. डेटा पाठवण्याचं काम कमी प्राधान्याचं असतं, लूपमधून उरलेल्या वेळात होतं. लूपच ०.९ मिलिसेकंद खात असेल तर तार रुंद करूनही उपयोग नाही. ओव्हररन डिटेक्शन (पायरी वेळेत न संपल्याची सूचना) चालू करा. अर्डुइनोवर त्यासाठी १३ नंबरची पिन वापरता येते, बोर्डवरचा एलईडी लागला की समजा पायरी वेळेत संपत नाही.

प्रश्न: मोटर फिरत असताना पीआयडी कंट्रोलरचा केआय (एररच्या साठत जाणाऱ्या बेरजेचा गेन) ०.५ वरून १ केला आणि जोरात झटका बसला. हे कसं टाळायचं?

केआय इंटिग्रेटरच्या (बेरीज साठवणाऱ्या ब्लॉकच्या) आधी आहे की नंतर, ते बघा. इथे एरर म्हणजे हवी ती आणि प्रत्यक्ष किंमत यांतला फरक. नंतर असेल आणि एररची बेरीज ४० वर असेल, तर आउटपुट त्याच क्षणी २० वरून ४० वर उडी मारतं. आधी असेल तर साठलेली बेरीज आहे तशी राहते, फक्त पुढची वाढ बदलते. लाइव्ह ट्यूनिंग करायचं असेल तर गेन आधीच हवा. तयार पीआयडी ब्लॉकमध्ये तो तसाच असतो, हाताने बांधलेल्या कंट्रोलरमध्ये हमखास चुकतो. केपीचा (थेट एररला गुणणाऱ्या गेनचा) बदल एररच्या पटीत जाणवतो, म्हणून एरर शून्याजवळ स्थिरावल्यावरच करा. केपी आणि केआय एकदम बदलायचे असतील तर एक्स्टर्नल मोडच्या (याच लाइव्ह जोडणीच्या) पॅनेलवर ‘बॅच डाउनलोड’ वापरा, नाहीतर मधल्या काही पायऱ्या अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या जोडीवर चालतात. आउटपुटला सॅच्युरेशन (कमाल-किमान मर्यादा) आणि हाताशी वीज तोडणारं बटण, या दोन गोष्टींशिवाय मोटरला हात लावू नका.

प्रश्न: कॅलिब्रेशन टूलमधून एक्ससीपीने (बोर्डची मेमरी वाचण्या-लिहिण्याच्या प्रोटोकॉलने) वाचतो. कालपर्यंत वेग बरोबर दिसत होता, आज भलतेच आकडे येतात.

मधे बिल्ड केलंत आणि ए-टू-एल फाइल (व्हेरिएबलची नावं आणि पत्ते यांची यादी) जुनीच राहिली, असं दिसतं. एक्ससीपी नावाने नाही, पत्त्याने वाचतो. नव्या बिल्डमध्ये व्हेरिएबल सरकलं की जुन्या पत्त्यावर दुसरंच काही सापडतं. वाचण्यात तेवढं चालून जाईल, पण त्या पत्त्यावर लिहिलंत तर धोका आहे. प्रत्येक बिल्डनंतर फाइलमधले पत्ते नव्याने भरा आणि टूलमधली ईपीके तपासणी (फाइल आणि बोर्डवरचा कोड एकाच बिल्डचे आहेत ना, ही खूण) बंद करू नका.

प्रश्न: तासभर ट्यून केलेले गेन बोर्ड बंद करताच गेले.

ते रॅममध्ये होते. शेवटचे आकडे मॉडेलमध्ये लिहून सेव्ह करा, मग ‘बिल्ड, डिप्लॉय अँड स्टार्ट’ करा. त्यानंतर बोर्डला वेगळा वीजपुरवठा द्या, यूएसबी काढा आणि लूप पुन्हा तपासा. लाइव्ह जोडणीचा भार गेल्यावर पायरीला लागणारा वेळ बदलतो, म्हणून अखेरची चाचणी तार काढूनच घ्या.