घरी क्रीमी हर्ब सॉसमधला पांढरा मासा करायचा आहे. पुण्यात कॉड मिळेल का? आणि क्रीम फाटू नये म्हणून काय करावं?

कॉडच्या मागे लागू नका. तो थंड समुद्रातला मासा, इथे मिळालाच तर गोठवलेला आणि महाग. या पदार्थाला हवं असतं पांढरं, सौम्य वासाचं मांस, आणि ते जिताड्यात किंवा घोळीत मिळतं. मी कॅम्पातल्या शिवाजी मार्केटातून जिताडा आणते. कल्ले लाल आहेत ना ते बघायचं, आणि काटा काढून, खवले काढून पण कातडी ठेवून तुकड्या करायला सांगायचं. बांगडा या सॉसला अजिबात नको, त्याचं तिरफळाशीच जमतं. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा मी गोठवलेला बासा घेते. पण तो रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्या आणि फडक्यात दाबून पाणी काढा, नाहीतर सॉसचं पातळ कालवण होतं.

हर्ब म्हणजे काय, तर ज्याला तिकडे डिल म्हणतात तो आपला शेपूच. आपला वाण जरा उग्र असतो एवढंच. वाळक्या डिलची बाटली विकत घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं, मंडईत अख्खी जुडी मिळते! फक्त कोवळा शेंडा घ्या, जाड देठ भाजीला ठेवा. चौघांच्या सॉसला दोन मोठे चमचे चिरलेला शेपू पुरतो.

आता क्रीम. पहिल्यांदा मी उकळत्या क्रीममध्ये अर्धं लिंबू पिळलं आणि कढईत सरळ पनीर झालं. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "साखर घाल, कलाकंद होईल." कारण साधं आहे. परदेशी रेसिपीतल्या क्रीममध्ये 35 टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो, आपल्या टेट्रापॅकमधल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25. स्निग्धांश कमी, म्हणजे दुधातली प्रथिनं त्या मानाने जास्त, आणि आंबट नि उकळी एकत्र आली की तीच गोळा होतात. म्हणून लिंबू सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, एक छोटा चमचा. घरची साय वापरू नका, तूप सुटतं.

करायचं असं: तुकड्यांना नुसतं मीठ-मिरी लावून पंधरा मिनिटं ठेवा. हळद नाही, लिंबू तर नाहीच. मग कोरड्या पुसा. तेल चांगलं तापलं की कातडीची बाजू खाली ठेवा आणि हात लावू नका. बोटभर जाडीच्या तुकडीला तीन-चार मिनिटं लागतात. कडेनं पांढरा रंग वर चढत येताना दिसतो. तो वरपर्यंत पोचत आला की उलटा, मिनिटभराने ताटात काढा. त्याच तव्यात लोणी, ठेचलेल्या दोन लसूणपाकळ्या (लाल होऊ देऊ नका), मग एक पॅक क्रीम. मंद आचेवर चमच्याला चिकटेल इतकं दाट झालं की गॅस बंद, शेपू, लिंबू.

सॉस माशाखाली ओता, वर नको, नाहीतर कुरकुरीत कातडी मऊ पडते. आमच्याकडे हे भाताबरोबर संपतं. उरलंच तर मासा परत गरम करू नका, चिवट होतो. सॉस उकडलेल्या बटाट्यांवर घाला.