आठ वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह निघालाय त्या ताईंसाठी

ताई, तुम्ही लिहिलंय, 'चार दिवसांपूर्वी दवाखान्यातून घरी आलो. सासूबाई म्हणतात गोड फार खाऊ घातलं म्हणून झालं. शाळेत पाठवायची हिंमत होत नाही.' माझ्या मुलीला सातव्या वर्षी निघाला, आता ती सोळाची आहे.

गोड खाऊन टाइप १ होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. काही आठवड्यांनी कदाचित इन्सुलिन कमी लागेल आणि कुणीतरी म्हणेल, बरा झाला, आता काढा द्या. तो काळ तात्पुरता असतो. सुई बंद करायची नाही. ताप-उलटीतही नाही, तेव्हा कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात-लघवीत वाढणारं आम्ल) तपासा, डॉक्टरांना फोन करा.

आपल्या नागपूरचा मे महिना सांभाळा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा सीताबर्डीला गेलो असताना इन्सुलिनचा पेन तापलेल्या गाडीच्या डिक्कीत राहिला. डोस देऊनही शुगर उतरेना. नवा पेन लावला तेव्हा उतरली.

वर्गशिक्षिकेला भेटून एका कागदावर लिहून द्या: हात थरथरले, घाम आला तर लगेच शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. तोवर त्याला एकटं कुठेही पाठवू नका. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

माझी खरी चूक वेगळीच होती. आकडा मोठा आला की माझा चेहरा पडायचा, 'काय खाल्लंस?' असं तोंडातून निघायचं. नऊ वर्षांची असताना ती मला १४० सांगू लागली. मीटर उघडून पाहिलं तर ३१०. त्या रात्री मी खूप रडले. तेव्हापासून आकडा काहीही असो, मी एवढंच म्हणते, 'बरं झालं बघितलंस. आता किती घ्यायचं?' तिला परत खरं सांगायला दोन-तीन महिने लागले.

पहिल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलं लाकडी बैल घेऊन मिरवतात त्या सणाला, मी तिला घरीच ठेवलं होतं. लाकडी बैल सजवून ती खिडकीशी बसून होती. ते अजून सलतं. पुढच्या वर्षी तिला पाठवलं. बोजाऱ्यातली (बैल घेऊन आलेल्या मुलांना मिळणाऱ्या खाऊतली) मिठाई घरी आणली, जेवणासोबत मोजून खाल्ली, त्याचं इन्सुलिन डॉक्टरांनी शिकवलेल्या हिशेबाने घेतलं. यंदा तुमच्या लेकाचा बैल सजवा. मीटर आणि साखरेची पुडी तुमच्या पिशवीत, आणि तुम्ही त्याच्या मागे चार पावलं.