बिनखात्याचा मंत्री नेमकं करतो काय?

प्रश्न : अरुण जेटली आजारी होते तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘बिनखात्याचे मंत्री’ असं यायचं. त्यावरून आमच्या घरी वाद झाला. खातंच नाही तर माणूस मंत्री कसला, आणि पगार कशाचा घेतो?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जेटलींचं बघा, 2018 च्या मे महिन्यात त्यांचं किडनीचं ऑपरेशन झालं, अर्थखातं तात्पुरतं पियूष गोयल यांच्याकडे दिलं आणि ऑगस्टमध्ये परत जेटलींकडे आलं. मधले तीनेक महिने ते मंत्रीच होते, फक्त सांभाळायला खातं नव्हतं. ही झाली आजारपणातली सोय.

पण म्हणून बिनखात्याचा म्हणजे बिनकामाचा असं अजिबात समजू नका. लालबहादूर शास्त्री आठवा. कामराज योजनेत (मोठ्या नेत्यांनी पद सोडून पक्षाचं काम करायचं, अशी काँग्रेसची योजना) 1963 ला त्यांनी गृहमंत्रीपद सोडलं, मग जानेवारी 1964 मध्ये काँग्रेसच्या भुवनेश्वरच्या अधिवेशनात नेहरू आजारी पडले आणि त्याच महिन्यात शास्त्रींना परत बोलावलं, तेही बिनखात्याचे मंत्री म्हणूनच! नेहरूंना झेपत नव्हतं ते काम शास्त्रींकडे यायचं, श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र अवशेष चोरीला गेल्याच्या प्रकरणात काश्मीर पेटलेलं होतं तर तिथे पण त्यांनाच पाठवलं, आणि जूनमध्ये तेच पंतप्रधान झाले. माझ्या मते त्या चार-पाच महिन्यांत बऱ्याच खातेवाल्या मंत्र्यांपेक्षा त्यांच्यावर जास्त भार होता.

त्याआधी 1947 ला गोपालस्वामी अय्यंगार पण बिनखात्याचेच होते आणि काश्मीरचा प्रश्न त्यांच्याकडे होता, पुढे काश्मीरला वेगळा दर्जा देणाऱ्या कलम 370 चा मसुदा घटना समितीत त्यांनीच मांडला. कृष्ण मेनन 1956 ला असेच आले, वर्षभराने संरक्षणमंत्री झाले.

आता दुसरी बाजू. 2003 मध्ये ममता बॅनर्जींना मंत्रिमंडळात घेतलं पण खातं काही महिन्यांनी मिळालं, कोळसा आणि खाणी. 2005 ला नटवर सिंग यांचं परराष्ट्र खातं काढून घेतलं, ते थोडे दिवस बिनखात्याचे राहिले आणि डिसेंबरमध्ये राजीनामा देऊन गेले. म्हणजे पद एकच, पण शास्त्रींच्या बाबतीत तो पंतप्रधानांचा विश्वास होता आणि इथे नुसती अडचण. खातं नसलं की मंत्र्याच्या हाताखाली खात्याचा सचिव नाही, बजेट नाही, पंतप्रधान जे सोपवतील तेवढंच काम, त्यामुळे सगळं त्यांच्या मर्जीवर.

पगाराचं म्हणाल तर खातं असो नसो, त्या दर्जाच्या मंत्र्याला मिळतो तेवढाच मिळतो. कॅबिनेट दर्जा असेल तर बैठकीत बसायचा, बोलायचा हक्क पण असतोच. घटनेत ‘बिनखात्याचा मंत्री’ असा शब्द कुठे नाही, मंत्री नेमायचा पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपतींनी आणि कामवाटप वेगळं, एवढंच आहे. मात्र 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनंतर केंद्रात मंत्री लोकसभेच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, म्हणजे 543 ला 81, आणि बिनखात्याचा मंत्रीही त्या 81 मध्येच धरला जातो.